फुकटाची वाट आणि मोकळा रस्ता

इंटरनेटच्या दरांचा वाद हा मुंबई-पुण्याच्या संगणकनिष्णातांचा वाद आहे, बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला त्याचे सोयरसुतक नाही, असा समज आमच्याकडील सुशिक्षितांतही आढळतो. हा समज सर्वथा चुकीचा आहे. हा वाद ऐन रंगात आला तेव्हा साक्षीदार म्हणून पुढे करण्यात आला तो महाराष्ट्राचा शेतकरीच होता. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी 28 डिसेंबर 2015 रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेचा कैवार घेतला. गणेश नावाच्या एका महाराष्ट्रीय शेतकऱ्याला या योजनेमुळे पावसाळ्याची तयारी करता आली, मालाचे बाजारभाव कळले आणि तो नव्या पिकांत व जनावरांत पैसा घालू लागला, असे त्यांनी त्यात सांगितले. हा शेतकरी कोणत्या गावचा, हे लेखात नव्हते. पण तो चिखलीचा किंवा मेहकरचा असता तरी युक्तिवादात फरक पडला नसता. म्हणूनच त्या युक्तिवादाचा परामर्श घेण्याचा अधिकार आम्हांस अधिक आहे.

योजना अशी होती. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने ती भारतात आणली; ज्या मोजक्या दूरसंचार परिमंडळांत ती प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. त्या कंपनीच्या ग्राहकाला ठराविक संकेतस्थळे विनामूल्य पाहता येत. त्यांच्याबाहेर पाऊल टाकले की पैसे पडत. त्याच सुमारास एअरटेलनेही अशी एक योजना काढली होती, जीत संकेतस्थळाच्या मालकाने ग्राहकाच्या वतीने डेटाचे पैसे भरावयाचे होते. लोकमत खवळल्यावर फ्लिपकार्टने एप्रिल 2015 मध्ये तीतून अंग काढून घेतले. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जनतेचे मत मागविले. सुमारे 24 लाख अभिप्राय आले, पण त्यांतील बहुसंख्य फेसबुकने आगाऊ तयार करून दिलेल्या मजकुराचे निघाले. अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम केला की, कोणते संकेतस्थळ वा कोणती सेवा पाहिली यावरून डेटाचा दर वेगळा लावता येणार नाही. मोडणाऱ्यास दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये दंड ठेवला; आणीबाणीच्या प्रसंगापुरती तेवढी सवलत ठेवली. त्यानंतर आठवडाही न लोटता फेसबुकने योजना गुंडाळली.

या नियमामागील तत्त्व नवे नाही. वऱ्हाडच्या लोकांना तर ते जुनेच ठाऊक असावयास हवे. जलंबहून खामगावला जाणारा आठ मैलांचा रेल्वेफाटा 1870 मध्ये झाला, तो खामगावच्या कापसासाठी. रेल्वे आली तेव्हा वाहतुकीचा सर्व कारभार वाहकाच्या हाती गेला आणि वाहकाने दरात पक्षपात केला तर एक पेठ उठते व दुसरी बसते, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून 1890 च्या रेल्वे कायद्यात विशिष्ट व्यक्तीस वा विशिष्ट प्रकारच्या मालास अवाजवी झुकते माप देण्यास मनाई करण्यात आली. कायदा झाला तरी दराच्या कोष्टकात पक्षपात शिल्लक राहिला. बंदराकडे जाणारा कच्चा माल व बंदराहून येणारा पक्का माल स्वस्तात वाहावयाचा आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला चढा दर लावावयाचा, या धोरणावर 1916 ते 18 च्या औद्योगिक आयोगाने बोट ठेवले. कापूस मुंबईच्या धक्क्यावर स्वस्तात पोहोचला म्हणून शेतकऱ्याला आनंद वाटला असेलही, परंतु त्या स्वस्ताईने त्याच्या गावाचा रस्ता कोणत्या दिशेने वळविला, हे त्याला कोणी विचारले नव्हते. मोबाइल कंपनी ही आजची वाहक आहे. गाठोड्यात काय आहे हे पाहून तिने भाडे ठरवू नये, एवढेच ट्रायने सांगितले.

यावर एक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला थोडे फुकट मिळत असेल, तर पोटभर जेवलेल्यांनी ते का हिरावून घ्यावे? हा प्रश्न विचारणारे सारेच कंपन्यांचे भाट नव्हते. भाकरीच्या वादात तत्त्वाची भाषा करणे सोपे असते, हेही खरे. आमचे उत्तर एवढेच की, फुकट काय द्यावे याची यादी कोण करतो, हे पाहावे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. फुकट वाटलेली गाइडे मुलांच्या हाती पडली की पाठ्यपुस्तकाची पाने कशी कोरी करकरीत राहतात, हे आम्हांस पाठ आहे.

शेतकऱ्याचेच उदाहरण घेऊ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. आपल्या शेतात उभे असलेले पीक शेतकऱ्याने मोबाइलवर छायाचित्रासह नोंदवावयाचे, मग ते सातबाऱ्यावर चढावयाचे. देऊळगाव राजाच्या कोरडवाहू कापूसवाल्यालाही ते चुकले नाही. 2015 च्या फुकट यादीत ही सोय असणे शक्य नव्हते, कारण ती जन्मालाच आली नव्हती. आणि त्या यादीत येऊ पाहणाऱ्यांना चित्रफिती व मोठी छायाचित्रे वर्ज्य होती. उद्या आपल्याला कशाची गरज पडेल, हे आज कोणाला सांगता येते? म्हणून गरिबाला हवे ते निवडक इंटरनेट नव्हे, तर थोडे का होईना, पण सबंध इंटरनेट. शिवाय ज्या कंपनीच्या जाळ्यावर ती फुकटाची वाट होती, तिने 2017 च्या अखेरीस आपली मोबाइल सेवाच आवरती घेतली. मग त्या वाटेवर सवय लागलेल्याने कोठे जावे?

तथापि 2016 चा नियम झाला म्हणून प्रश्न मिटला, असे समजून स्वस्थ बसणे आम्हांस मान्य नाही. जिओच्या आगमनानंतर, म्हणजे सप्टेंबर 2016 पासून, डेटा इतका स्वस्त झाला की फुकटच्या योजनांची गोडीच संपली. परंतु जुलै 2024 मध्ये प्रमुख कंपन्यांनी दर सुमारे 10 ते 25 टक्क्यांनी वाढविले. दुसरीकडे, ज्यांच्या चित्रफितींनी जाळ्यावर भार पडतो त्या मोठ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी येथील मोबाइल कंपन्यांची संघटना करीत आहे. ऐकावयास ती न्याय्य वाटते. पण दक्षिण कोरियात अशाच शुल्काचे कारण देऊन ट्विच या कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये तेथील व्यवसाय बंद केला. अमेझॉनसारख्या धनाढ्याच्या मालकीच्या कंपनीला जे परवडले नाही, ते एखाद्या मराठी वृत्तसेवेला वा शेतमालाचे भाव सांगणाऱ्या तरुणाला कसे परवडावे? अमेरिकेतही तटस्थतेचा नियम 2015 मध्ये झाला, 2017 मध्ये रद्द ठरला, 2024 मध्ये परत आला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने तो मोडला. तेथे सरकार बदलले की नियम बदलतो. आपल्याकडे 2018 मध्ये तटस्थतेची अट कंपन्यांच्या परवान्यातच घालण्यात आली, ही समाधानाची बाब आहे. ती तेथून हलू देता कामा नये.

आणि गरिबाचे काय? त्याचे उत्तरही ट्रायनेच डिसेंबर 2016 मध्ये दिले होते. ग्रामीण ग्राहकाला महिना 100 एमबी डेटा, कोणत्याही संकेतस्थळाची अट न घालता, सार्वत्रिक सेवा निधीतून विनामूल्य द्यावा, अशी ती शिफारस होती. या निधीत मोबाइल कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा 5 टक्के हिस्सा पडतो. म्हणजे तो सरतेशेवटी ग्राहकाच्याच खिशातला पैसा. 2024 मध्ये निधीचे नाव बदलून 'डिजिटल भारत निधी' झाले, शिफारस मात्र कागदावरच राहिली. 100 एमबी आज तुटपुंजे ठरेल, तेव्हा आकडा वाढवावा लागेल. परंतु फुकट द्यावयाचेच तर ते असे द्यावे. जळगाव जामोदच्या विद्यार्थ्याने त्यावर काय वाचावे आणि मोताळ्याच्या शेतकऱ्याने कोणत्या बाजार समितीचा भाव पाहावा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आमच्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत दूरसंचार खात्याला विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे की, त्या शिफारशीचे पुढे काय झाले.