शहराच्या वेशीवर सिंह: कोरड्या मोसमातले नैरोबी

जून-जुलैत कोकणात पावसाची झड लागलेली असते, त्याच दिवसांत अरबी समुद्रापलीकडे, विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश दक्षिणेला वसलेल्या नैरोबीत पाऊस थांबलेला असतो. दोन्हींमागचा वारा एकच. इकडे तो सह्याद्रीवर पाणी ओततो, तिकडे कोरडाच निघून जातो. त्या कोरडेपणामुळे केनियाच्या राजधानीच्या वेशीवर झेब्र्यांचे कळप उतरतात आणि त्यांच्या मागावर सिंह येतात. जगातल्या फार थोड्या राजधान्यांना हे भाग्य लाभले आहे.

एक वारा, दोन ऋतू

आपल्यासारखा एकच पावसाळा नैरोबीला नाही. सूर्य वर्षातून दोनदा विषुववृत्त ओलांडतो, त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टाही केनियावरून दोनदा सरकतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस. उरलेले दोन कालखंड, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर, कोरडे. एकट्या एप्रिलमध्ये दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जुलैत वीस मिलिमीटरच्या आसपास.

जून ते सप्टेंबरचा कोरडेपणा समजायला वाऱ्याचा मार्ग पाहावा लागतो. दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला अडतात, त्याच्या पूर्व उताराला धरून उत्तरेकडे वळतात आणि केनियाजवळ विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरतात. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर हा प्रवाह सर्वांत वेगवान असतो. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या वरच्या हवेच्या नोंदी तपासून १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला ‘फिंडलेटर जेट’ असेही म्हणतात. आपला नैऋत्य मोसमी वारा तो हाच. केनियावरून जाताना त्यातला ओलाव्याचा थर उथळ असतो आणि हवा वर चढण्याऐवजी पसरत पुढे सरकते, त्यामुळे उंच पावसाळी ढग तयार होत नाहीत. समुद्रावरून भरपूर बाष्प गोळा करून तो सह्याद्रीला भिडतो, तेव्हा मात्र कोसळतो. पावसाच्या तोंडावर महाराष्ट्रात दिसू लागणारा चातकही आफ्रिकेतूनच येतो.

कोरडा मोसम म्हणजे कडक ऊन, असा समज करून जुलैत नैरोबीला जाणारा पाहुणा पहिल्याच सकाळी कुडकुडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. जुलैत पहाटे पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारीही २१-२२ अंशांच्या पुढे क्वचितच जातो. सकाळी करड्या, बुटक्या ढगांचे छत असते. कधी भुरभुर होते, पण अंग भिजेल असा पाऊस नसतो. स्वच्छ निळे आकाश हवे असेल तर जानेवारी-फेब्रुवारी गाठावा. तेव्हा दुपार २६ अंशांच्या घरात असते, आणि हवा निवळलेली असेल तर पहाटे उत्तरेकडे माउंट केनियाची शिखरेही दिसतात. दोन्ही मोसमांत सूर्य मात्र वेळ पाळतो: बारा महिने साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारासच मावळतो.

रेल्वेचा तळ, मग राजधानी

शहराचा इतिहास सव्वाशे वर्षांचाच. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे निघालेली रेल्वे १८९९ मध्ये या माळावर पोहोचली आणि पुढचा चढ चढण्याआधी इथे तळ पडला. हा मार्ग बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, त्यांतले बहुतेक पंजाबचे. जवळपास अडीच हजार जण तिथेच दगावले, काही हजार तिथेच राहिले. त्यांच्या पाठोपाठ गुजरातेतून व्यापारी आले. १९२० पर्यंत इथले चलनही रुपयाच होते. चपाती, सामोसा आणि भजी आज नैरोबीच्या कोणत्याही वस्तीत मिळतात आणि तिथले लोक ती आपलीच मानून खातात. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या समाजाला देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली.

शहर वाढले तशी माळावरची जनावरे मागे रेटली गेली. नैरोबीतच जन्मलेला मर्विन कॉवी हे पाहून अस्वस्थ झाला. संरक्षणाच्या मागणीकडे कोणी लक्ष देईना, तेव्हा त्याने ‘ओल्ड सेटलर’ या टोपणनावाने वृत्तपत्राला पत्र लिहिले: सगळी वन्य जनावरे एकदाची मारून टाका! अपेक्षेप्रमाणे लोक खवळले आणि जनावरांच्या बाजूने बोलू लागले. डिसेंबर १९४६ मध्ये नैरोबी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. केनियातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान.

पाणी आटते तेव्हा

उद्यान शहराच्या मध्यापासून सात किलोमीटरवर आहे आणि त्याचे क्षेत्र अवघे ११७ चौरस किलोमीटर. तीन बाजूंना कुंपण आहे. दक्षिणेची बाजू मात्र मोकळी असून तिथे म्बागाथी नदी हीच हद्द. या मोकळ्या बाजूवरच उद्यानाचा सगळा व्यवहार चालतो.

पाऊस सुरू झाला की दक्षिणेच्या मसाई माळरानावर कोवळे गवत फुटते आणि डबकी भरतात. झेब्रे, विल्डबीस्ट, एलंड नदी ओलांडून तिकडे पांगतात. महिनाभर पाऊस नसला की तिकडची डबकी आटतात, गवत वाळते. उद्यानात मात्र बारमाही नदी आहे, शिवाय छोटी धरणे बांधून पाणी साठवले आहे. कळप परत फिरतात. भक्ष्य आले की सिंह, बिबटे आणि तरसही पाण्याच्या आसपास दबा धरून बसतात. मसाई माराच्या महास्थलांतराचीच ही छोटी आवृत्ती, फक्त तिच्या पार्श्वभूमीला काचेच्या इमारती आहेत.

प्रवाशाला कोरडा मोसम सोयीचा ठरतो तो आणखी दोन कारणांनी. गवत खुरटल्यामुळे एरवी त्यात दडलेला सिंह किंवा चित्ता नजरेस पडतो. दुसरे कारण जमिनीचे. उद्यानाचा माळ विदर्भ-मराठवाड्यासारख्याच काळ्या कापसाच्या मातीचा आहे. पावसात तिचा असा चिखल होतो की जीपची चाकेही रुततात, आणि कोरड्या मोसमात ती भेगाळून टणक होते.

इथे काळे आणि पांढरे असे दोन्ही गेंडे आहेत. काळ्या गेंड्यांसाठी तर हे उद्यान केनियातल्या भरवशाच्या आश्रयस्थानांपैकी एक मानले जाते. चारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. मोकळे फिरणारे हत्ती मात्र नाहीत. एवढ्या लहान जागेत त्यांचे भागणार नाही. हत्तींची आठवण वेगळ्या रूपात आहे. जुलै १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी याच उद्यानात बारा टन हस्तिदंत जाळून त्याच्या व्यापाराविरुद्ध जगाला इशारा दिला. एप्रिल २०१६ मध्ये तिथेच १०५ टन हस्तिदंताच्या राशी पेटवल्या गेल्या.

दिवसाची आखणी

उद्यानाचे दार पहाटे सहाला उघडते आणि पहिले दोन-तीन तास सर्वांत मोलाचे. त्यानंतर उद्यानाच्याच कडेला असलेल्या शेल्ड्रिक यांच्या हत्ती-अनाथालयात जावे. भेटीची वेळ अकरा ते बारा आणि आगाऊ नोंदणी आवश्यक. डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी १९७७ मध्ये ही संस्था उभारली. गाईच्या दुधातली चरबी हत्तीच्या पिलांना पचत नाही. बऱ्याच प्रयोगांनंतर त्यांनी खोबरेल तेल घातलेले दूध तयार केले आणि तान्ही पिले जगू लागली. थोडी मोठी झाली की पिलांना त्सावोच्या जंगलात नेऊन हळूहळू रानटी कळपांत मिसळू देतात.

दुपारी लांगाटातल्या जिराफ केंद्रात उंच ओट्यावरून जिराफांना हाताने चारता येते. पायी फिरण्याची हौस असेल तर शहराच्या उत्तरेचे करुरा जंगल आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे जंगल बिल्डरांच्या घशात जात होते. वांगारी माथाई यांनी मार खाऊन ते वाचवले. २००४ मध्ये शांततेचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन महिला.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. घड्याळ अडीच तास मागे करावे लागते. व्हिसाऐवजी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी; परतताना भारतीय विमानतळावर तिचे प्रमाणपत्र मागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत, २०१७ पासून तिथे त्यांवर कडक बंदी आहे. जुलैत जाणाऱ्याने स्वेटर विसरू नये.

मोकळी बाजू

उद्यानापुढचा खरा प्रश्न दक्षिणेला आहे. किटेंगेलाच्या माळावर घरे, कारखाने आणि कुंपणे वाढत आहेत. २०१९ पासून नव्या रेल्वेचा सहा किलोमीटर लांबीचा उंच पूल उद्यानाच्या आरपार गेला आहे. त्याच्या खांबांमधून जिराफही जाऊ शकतो, पण कुंपणातून कोणालाच वाट मिळत नाही. जमीन मोकळी ठेवणाऱ्या मसाई कुटुंबांना एकरामागे वर्षाला चार डॉलर देण्याची योजना २००० साली सुरू झाली. तरीही विल्डबीस्टची संख्या १९७० च्या दशकाच्या मानाने फारच घटली आहे. म्हणून कोरड्या मोसमात नैरोबीला जाणाऱ्याने सिंह दिसला की नाही एवढाच हिशेब ठेवू नये. ऑगस्टमध्ये नदीपलीकडून किती झेब्रे आत आले, यावरून मसाई माळाकडची वाट अजून किती उघडी आहे, ते कळते.