नशेबद्दल मुलांशी बोलताना

पाचवी-सहावीतच विषय काढा, दहावीची वाट पाहू नका. समोर बसवून दिलेला उपदेश मुलं ऐकत नाहीत. मटार सोलता सोलता निघालेला विषय ऐकतात. ‘तुमच्या वर्गात कुणी व्हेप ओढतं का रे?’ एवढंच विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. खरी कसोटी मित्रांना नाही म्हणण्याची असते. तो नकार घरीच मोठ्याने म्हणून घ्या: ‘नको यार, उद्या मॅच आहे.’ कुठे अडकलास तर फोन कर, मी न्यायला येईन, असा शब्द द्या आणि त्या रात्री रागावू नका.

पोराला टपरीवर तंबाखूची पुडी आणायला पाठवणं मात्र आजच बंद करा. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर २०१९पासून देशभर बंदी आहे.

सवय लागल्याची शंका आली, तर मारझोड नको. मुलाची चारचौघांत शोभा तर मुळीच नको. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांत उपचारांबरोबर कुटुंबाचंही समुपदेशन होतं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ निःशुल्क आहे. पालकांनीही फोन करावा.