भेटी किती, वाचक किती?

आपल्या ई-अंकाचे आकडे दर महिन्याला मी काढते. ते ग्रुपवर टाकले की पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे एवढ्या लोकांनी वाचलं?" नाही हो, तसं नसतं. या वेळी कवितांचं सदर ठेवायचं की बंद करायचं, हे आकड्यांवरून ठरवू या असं काहींचं म्हणणं आहे, म्हणून जरा उलगडून सांगते.

लायब्ररीत एकच मुलगी आठवड्यात पाचदा आली तर रजिस्टरात सह्या पाच, वाचक एक. सह्या म्हणजे भेटी, मुलगी म्हणजे अभ्यागत. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये भेटीला 'सेशन' म्हणतात. 30 मिनिटं काहीच हालचाल झाली नाही, की सेशन संपलं. कथा अर्धी सोडून तुम्ही जेवायला गेलात आणि तासाभराने पुढचं पान उघडलंत, तर ती दुसरी भेट.

खरी गंमत अभ्यागताची. तो माणूस नसतोच! ब्राउझरमध्ये ठेवलेली 'कुकी' नावाची बारीकशी खूण, तिलाच मोजतात. घरी मोबाइलवर आणि कॉलेजात कॉम्प्युटरवर वाचलंत, तर तुम्ही दोन. कुकी पुसलीत, की पुन्हा नवे. इन्स्टाग्रामवरची लिंक त्याच्या आतल्याच ब्राउझरात उघडली, तर आणखी एक. उलट लॅबमधल्या एकाच मशीनवर, एकाच लॉगिनने दहा जणांनी अंक वाचला, तर दहा मिळून एक! शिवाय रोजच्या अभ्यागतांची बेरीज म्हणजे महिन्याचे अभ्यागत नव्हेत. सोमवारी आलेला मंगळवारीही येतो, तो बेरजेत दोनदा धरला जातो.

आता कविता. त्यांच्याविरुद्ध जो तक्ता दाखवला जातोय, तो अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीतला आहे. 1 जुलै 2023 पासून तिची मोजणी थांबली. त्या पद्धतीत एकच पान पाहून गेलेली भेट 'बाउन्स' ठरायची आणि साधारणपणे तिचा वेळ शून्य लागायचा. अहो, कविता असतेच एका पानाची! ती पाच मिनिटं मन लावून वाचून गेलेला आणि चुकून आत शिरलेला, दोघेही त्या तक्त्यात सारखेच. नव्या आवृत्तीत पान 10 सेकंदांहून जास्त समोर राहिलं, तरी ती गुंतलेली भेट मानतात. त्यामुळे जुना आणि नवा तक्ता शेजारी ठेवून 'वाचक वाढले' किंवा 'घटले' म्हणणं मला तरी पटत नाही.

बैठकीआधी नवा तक्ता ग्रुपवर टाकते. त्यात भेटींचा रकाना सोडून आधी गुंतलेल्या वेळेचा रकाना बघा, आणि कवितेच्या ओळी किती, कथेची पानं किती, हेही लक्षात घ्या.