गंधर्वांची आठवण

अकोल्यात नाटकाचा विषय निघाला की वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी बालगंधर्वांचे नाव आल्यावाचून राहत नाही. ही हळहळ अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या रंगभूमीवर वऱ्हाडाचाही हक्क पोचतो. ‘मूकनायक’कर्ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडातच वकिली करीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाकरिता ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा केशवराव भोसले धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी. धंद्यातील चढाओढ बाजूस ठेवून दोघे देशकार्यार्थ एका रंगमंचावर उभे राहिले आणि तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले! असे नट कोणी विसरावे तरी कसे?

परंतु रसिक बंधूंस आमचा एक प्रश्न आहे. भामिनीची वेशभूषा व पदर सावरण्याची ढब कुलीन स्त्रियांनी उचलली, हे आपण कौतुकाने सांगता; त्या स्त्रियांनी स्वतः रंगभूमीवर पाऊल टाकले असते तर आपल्याच आजोबांनी काय म्हटले असते? हिराबाई बडोदेकरांसारख्यांनी ते धैर्य केले. गोहरबाई कर्नाटकी यांनी गंधर्व मंडळीत भूमिका केल्या, पुढे पंगू झालेल्या बालगंधर्वांची शुश्रूषाही केली. तरी त्यांच्या वाट्यास बोलच अधिक आले.

आणि आमच्या दंडारीचे काय? लुगडे नेसून खेड्यापाड्यांत रात्र जागविणाऱ्या त्या नटांची नावेदेखील कोणी टिपून ठेविली नाहीत. १५ जुलै हा बालगंधर्वांचा स्मृतिदिन. त्या दिवशी अकोल्यातील नाट्यसंस्थांनी नाट्यपदांच्या मैफलीस जोडून एक दंडार ठेवावी, गोहरबाईंवर व्याख्यान करवावे आणि तिकिटांचे उत्पन्न दंडारवाल्यांच्या हाती द्यावे, अशी आमची सूचना आहे.