दीडशे किलोमीटरांपासून सहापर्यंत

सन १९८८ मध्ये मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी दिल्लीस राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि अमेरिकेशी प्रदीर्घ वाटाघाटी होऊन, मागितल्यापेक्षा दुय्यम प्रतीचा का होईना, ‘क्रे’ महासंगणक पदरात पडला. आपल्याकडील संगणकीय अंदाजांच्या कारकिर्दीचा आरंभ तेथून धरावयास हरकत नसावी. नव्वदीच्या दशकात त्या केंद्राने नित्याच्या कामास जुंपलेले गणिती प्रारूप पृथ्वीची वाटणी सुमारे दीडशे किलोमीटर बाजूच्या चौकोनांत करीत असे; म्हणजे मुंबई आणि पुणे एकाच चौकोनात मावावीत आणि ज्याच्या उभ्या कड्यांवर आदळून नैर्ऋत्येचे वारे कोकणात पाऊस ओततात तो सह्याद्री एखाद्या मंद चढाच्या रूपाने दफ्तरी दाखल व्हावा, असा तो कारभार होता.

या स्थूलपणाची रुजुवात २६ जुलै २००५ रोजी झाली. मुंबईतील सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच शहरातील कुलाब्यास जेमतेम ७४. ही तफावत जागतिक प्रारूपाच्या चौकोनांत मावणारी नव्हतीच. पुढे चौकोन आक्रसत गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ महासंगणक आला आणि २०२५ मध्ये तेथेच घडलेली ‘भारत’ अंदाजप्रणाली सहा किलोमीटरांपर्यंत उतरली. तथापि मेघगर्जनेचा एकेक ढग याहूनही लहान असू शकतो, हे जाहिरातींच्या भरात विसरले जाते.

वादळांच्या बाबतीत मात्र प्रगती निर्विवाद आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाविषयी आधी हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा आणि त्यात अलिबागचा परिसर जाहीर झाला, आणि ३ जूनच्या दुपारी ते खरोखरच अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. बंदरांवरील बावटे व गावोगावचे स्थलांतर यांची तजवीज करण्यास तेवढा अवधी पुरला.

समुद्राचे गणित याहून बिकट. हैदराबादचे १९९९ साली स्थापन झालेले महासागर माहिती सेवा केंद्र लाटांचे अंदाज देते. परंतु दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने उठविलेली लांब लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येते तेव्हा येथे वारा स्वस्थ असतो, म्हणून केवळ अरबी समुद्रापुरते प्रारूप तिला ओळखू शकत नाही. शिवाय उथळ पाण्यात लाट तळ चाचपीत चालते, आणि खाडीच्या मुखाशी गाळ तर दर पावसाळ्यात सरकतो. तेथील खोलीची फेरमोजणी झाली नाही, तर कितीही शक्तिमान यंत्र जुन्याच तळावर नवी लाट सोडीत राहणार.