टेबलावरचा वाघ

नागपूरकराला वाघाचं कौतुक सांगायला जाऊ नये. पेंच, उमरेड, ताडोबा आमच्या चहूबाजूंना; आणि कोराडीहून गोरेवाड्याची सफारी तर जेवून निघावं नि चहाला परत यावं इतकी जवळ. तरीही भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या एका फ्रेंच शिल्पकाराच्या वाघाला मी हात जोडले. त्याचं नाव आंत्वान-लुई बारी (1795–1875). माझी नोकरी इथल्या पॉवर हाऊसच्या वर्कशॉपात गेली. गनमेटलचे बुश हाताळणाऱ्याला आधी ओतकाम दिसतं, सौंदर्य मागाहून. बारी अशा माणसाला चटकन पटतो, कारण तो आधी कारागीर होता.

धातूवरच्या कोरीव कामात त्याची उमेदवारी झाली, मग बरीच वर्षं त्यानं सोनाराकडे लहान लहान प्राणी घडवले. 1831 साली पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात त्यानं ‘सुसर खाणारा वाघ’ मांडला. वाघ दबून बसलाय, पंजाखाली सुसर जखडलीय, आणि ती पीळ खाऊन तोंड वासतेय. खरं तर सुसर मासे खाऊन नदीत राहणारी. असा सामना कुणी पाहिला असेल, याची मला शंकाच आहे. पण वाघाच्या खांद्याचं हाड कातडीखालून जसं वर येतं, ते बरोबर तसंच आलंय. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात बारी तासन्‌तास रेखाटनं करी, मेलेल्या जनावरांची मापं घेई. 1828 मध्ये तिथला सिंह मेला, तेव्हा चित्रकार देलाक्रवानं त्याला ताबडतोब निघून येण्याची चिठ्ठी धाडली होती.

1834 मध्ये ऑर्लेआंच्या ड्यूकनं त्याला जेवणाच्या टेबलावर मांडायला शिकारीची शिल्पं सांगितली. त्यात वाघाच्या शिकारीचं शिल्प आहे: हत्तीवर हिंदुस्थानी शिकारी आणि हत्तीला भिडलेले वाघ. 1837 च्या प्रदर्शनात परीक्षकांनी ही शिल्पं नाकारली. म्हणे, हे सोनारकाम, शिल्पकला नव्हे! त्यानंतर दहा-बारा वर्षं बारी त्या दाराशी फिरकला नाही. नाकारलेली ती वाघाची शिकार आज अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात मानानं ठेवलेली आहे.

ते काम ‘मेण गाळून’ केलेलं. आत मातीचा गाभा, त्यावर मेणाची मूर्ती, वरून पुन्हा मातीचं आवरण. साचा भाजला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका मेणाची एकच मूर्ती. पुढं विक्रीसाठी प्रती काढायच्या म्हटल्यावर वाळूचे साचे आले. त्यात मोठ्या मूर्तीचे भाग वेगळे ओतायचे, जोडायचे, सांधा कानशीनं घासून बुजवायचा, छिन्नीनं केसांच्या रेघा उठवायच्या आणि शेवटी रसायनं व उष्णता देऊन रंग चढवायचा. बारीचा तो गडद हिरवट रंग प्रसिद्ध आहे. स्वतःची शिल्पं छापील यादी काढून मध्यमवर्गीय घरांना विकण्याचा धंदाही त्यानं केला आणि 1848 मध्ये कर्जात बुडाला. त्याच्या मृत्यूनंतर बार्बेदिएन या कारखानदारानं त्याचे बरेच नमुने विकत घेऊन प्रती काढल्या. त्यामुळे ‘बारी’ असं कोरलेलं प्रत्येक ब्राँझ त्याच्या हाताखालून गेलेलं नसतं. जुन्या बाजारात असं काही दिसलं, तर आधी चुंबक लावा; चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं, तरी लगेच हुरळू नका, जस्तालाही ते चिकटत नाही. मूर्ती उलटी करून तळ बघा, कुठे खरवडलेलं असेल तिथं आतला रंग बघा. जस्त करडं दिसतं, ब्राँझ पिवळसर-तांबूस.

राहता राहिला प्रश्न टेबलावरचं शिल्प लहान का मानायचं, हा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 साली झाडाचं मूळ खणताना चार धातुशिल्पं निघाली: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, भरीव ओतलेली, एकूण वजन साठ किलोंहून जास्त. उंची मात्र घरातल्या टेबलावर सहज मावेल एवढीच. त्यांना कुणी शोभेच्या वस्तू म्हणून बाजूला सारलेलं नाही. टेबलावरच्या शिल्पांना सोनारकाम म्हणून नाकारणारे 1837 चे परीक्षक साफ चुकले होते. मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वाट वाकडी करून दायमाबादची शिल्पं जरूर पाहा.