सपाट पृथ्वीवर सूर्य मावळेल कसा?

पृथ्वी सपाट आहे असे सांगणाऱ्यांचा आजचा आवडता नकाशा ठरलेला आहे. मधोमध उत्तर ध्रुव, त्याभोवती खंडे आणि समुद्र, कडेने अंटार्क्टिकाच्या बर्फाची भिंत, आणि वर काही हजार किलोमीटरवर घिरट्या घालणारा लहानसा सूर्य. रात्र होते ती सूर्य क्षितिजाखाली जातो म्हणून नव्हे, तर लांब जातो म्हणून, असे हे मत. त्याला हसून सोडून देणे सोपे आहे. मुद्द्याला मुद्दा भिडवायचा, तर कोणता पुरावा कशाला उत्तर देतो हे पाहावे लागते. कारण पुष्कळदा गोल पृथ्वीचे वकीलच कच्चा पुरावा पुढे करतात.

इतिहास थोडक्यात असा. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चंद्रग्रहणातील पृथ्वीच्या गोल सावलीकडे बोट दाखवले. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त पृथ्वी गोल आहे आणि स्वतःभोवती फिरतेही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल रोबॉथमने १८३८ मध्ये बेडफर्डच्या कालव्यावर नजर लावून पाणी सपाट असल्याचा निर्वाळा दिला. १८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने त्याच कालव्यावर ५०० पौंडांची पैज घेतली, दृष्टिरेषा पाण्यापासून उंच ठेवून हवेतल्या वक्रीभवनाची अडचण कमी केली आणि वक्रता दाखवली. पैज त्याने जिंकली, पण हरलेल्या गृहस्थाने पुढे अनेक वर्षे त्याचा छळ मांडला. आजची चळवळ रोबॉथमच्याच वंशातली आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव या वादासाठी सोयीच्या जागी वसले आहे. त्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. मे महिन्याच्या १३-१४ तारखेला आणि जुलैच्या २९-३० तारखेला तेथे भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. जुलैतला बहुधा ढगात जातो, म्हणून भरवसा मेवरच. रेखांशही मोलाचा आहे: ईटहून जवळपास सरळ उत्तरेला जळगाव येते, आणि लंका, उज्जैन, मेरू अशी जी मध्यरेषा जुन्या ज्योतिषांनी धरली, तीही या शिवारापासून फार लांबून जात नाही.

ईटची काठी बिनसावलीची असते, त्या क्षणी जळगावात एक मीटर काठीची सावली सुमारे ४.४ सेंटीमीटर पडते. त्यावरून सूर्यकिरणांचा कोन अडीच अंश निघतो. अडीच अंश म्हणजे वर्तुळाचा १४४ वा भाग. दोन गावांमधले उत्तर-दक्षिण सरळ अंतर पावणेतीनशे किलोमीटर धरले, तर पृथ्वीचा परीघ ३९,६०० किलोमीटर येतो. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. काठी मात्र गवंड्याच्या ओळंब्याने उभी केलेली हवी. ती एका अंशाने कलली, तरी सावलीत पावणेदोन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि सगळे गणित बोंबलते. शिवाय सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर पुसट असते. माप त्या पुसट पट्ट्याच्या मध्यावर घ्यावे लागते.

इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केले, आणि शाळाशाळांतून हाच प्रयोग ‘पृथ्वी गोल असल्याचा पुरावा’ म्हणून शिकवला जातो. इथेच सपाटवाद्याला संधी मिळते. जमीन सपाट आणि सूर्य जवळ असेल, तरीही एका गावात सावली पडेल आणि दुसऱ्यात पडणार नाही! त्याच मापांवरून तो सूर्याची उंची काढतो, ती येते सुमारे ६,३०० किलोमीटर. हा आकडा आपण काढलेल्या पृथ्वीच्या त्रिज्येएवढाच निघतो, कारण त्रिकोण तोच आहे, फक्त वाकडेपणा जमिनीतून काढून किरणांना दिला आहे. दोन काठ्यांनी पृथ्वी मोजता येते. ती गोल आहे हे सिद्ध होत नाही. हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

फरक पडतो तो लांब गेल्यावर. शून्य सावलीच्या गावापासून सूर्य ४५ अंश कललेला दिसायला गोल पृथ्वीवर ५,००० किलोमीटर जावे लागते. सपाट जमिनीवर ६,३०० च्या आसपास. आणि सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसायला गोल पृथ्वीवर १०,००० किलोमीटर पुरतात, सपाट जमिनीवर मात्र कितीही अंतर पुरत नाही. दूर जाणारा सूर्य लहान लहान होत जाईल, पण मावळणार नाही. प्रत्यक्षात सूर्यबिंब दुपारी आणि संध्याकाळी जवळपास त्याच कोनाचे असते आणि खालची कड आधी बुडते. ईटच्या माळावरून रोज दिसणारा सूर्यास्त हा दोन काठ्यांपेक्षा भक्कम पुरावा आहे.

हा प्रश्न याच रोखठोकपणे भास्कराचार्यांनी विचारला होता. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात ते म्हणतात, पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्या वरून दूर फिरणारा सूर्य देवांप्रमाणे माणसांनाही सतत का दिसू नये? मेरूच्या आड गेल्याने रात्र होत असेल, तर मधला तो मेरू का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेला असताना सूर्य वर्षातला काही काळ दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो? जमीन सपाट का भासते, याचेही उत्तर तिथेच आहे: परिघाचा शंभरावा भाग कोणालाही सपाटच दिसणार, आणि माणूस त्यापुढे फार छोटा. परीघ मोजण्याची त्यांची कृती ईट-जळगावसारखीच आहे: एका रेषेवरच्या दोन गावांतले अंतर आणि अक्षांशांतला फरक यांचे त्रैराशिक. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा शिलालेख आहे. गोलाध्याय आवडणाऱ्याने ती वाट एकदा तरी तुडवावी.

सर्वांत रंगतदार प्रकरण मात्र इंग्रजी अमदानीच्या आरंभीचे. भोपाळजवळच्या सीहोरला पोलिटिकल एजंट असलेल्या लान्सलॉट विल्किन्सनने ओळखले, की एकदम कोपर्निकस पुढे ठेवला तर लोक तोंड फिरवतील; आधी त्यांच्याच भास्कराचार्यांना बोलू द्यावे. त्याच्याकडचे शास्त्री सुबाजी बापू यांनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिला आणि पुराणमत, सिद्धांतमत व कोपर्निकसचे मत शेजारीशेजारी तपासले. पुराणांतली पृथ्वी पन्नास कोटी योजने पसरलेली, भास्कराचार्यांची ४,९६७ योजने परिघाची. मेळ बसणार कसा? पुण्याचे यज्ञेश्वर रोडे उर्फ बाबा जोशी यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे आणि सिद्धांत यांत विरोध नाहीच, असे मांडले. ते अडाणी नव्हते. स्वतः पट्टीचे ज्योतिषी होते. सुबाजींनी त्यावरही लेखणी उचलली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’मुळे (१८९६) अशा ज्योतिषांची नोंद मराठीत टिकली. त्याच सीहोरला शिकलेले, मूळ नगर जिल्ह्यातल्या घराण्यातले बापूदेव शास्त्री पुढे काशीला गेले. विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून दिले, ते १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. बेडफर्डच्या कालव्यावरील गदारोळापेक्षा हा मराठी वाद कितीतरी वरच्या दर्जाचा होता: दोन्ही पक्षांना ग्रहगणित येत होते.

उरलेले पुरावे आज घरबसल्या मिळतात. अंटार्क्टिकात भारताचे ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून आहे. ते ७० अंशांहून अधिक दक्षिणेला असल्याने तिथल्या उन्हाळ्यात अनेक आठवडे सूर्य मावळत नाही. मध्यभागी उत्तर ध्रुव असलेल्या सपाट नकाशात कडेच्या बर्फावर चोवीस तास सूर्य बसवता येत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण महाराष्ट्रातून दिसण्याजोगे होते; छायेची कड त्यातही गोलच होती.

ज्यांना स्वतः पडताळायचे आहे, त्यांनी ईटला १३ किंवा १४ मे रोजी दुपारी सव्वाबाराच्या आधी काठी उभी करून तयार राहावे. मध्यान्ह साधारण १२ वाजून २४ मिनिटांनी होते. जळगावातही तीच वेळ असल्याने तिथल्या ओळखीच्या शाळेला फोन लावून ठेवावा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सूर्याची कोणती कड आधी बुडते, तेही वहीत लिहावे.